पाहतो तर काय : नववीतल्या एका इंग्रजी गोष्टीतल्या चुका

नववीच्या वर्गाला जूनच्या शेवटी मी इंग्रजीत एक गोष्ट लिहायला सांगितली होती. विषय मोकळा, अट एकच: गाइडमधली नको, घरी ऐकलेली हवी. शाळा सोलापूरच्या हद्दीवरची, मराठी माध्यमाची. अट घालूनही निम्म्या वर्गाने लाकूडतोड्या आणि तहानलेला कावळाच आणून दिला. एका मुलाने मात्र खरंच आजोबांची गोष्ट लिहिली. त्या एका पानाची आणि त्यानंतरच्या आठ महिन्यांची ही हकिकत. मुलाचं नाव देत नाही. त्याची वाक्यं देवनागरीत उतरवतो आहे, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका आपोआप झाकल्या जातात. इथे त्यांचं काही काम नाही.

त्याने लिहिलं होतं ते असं:

"धिस स्टोरी माय ग्रँडफादर हॅड टोल्ड मी. वन फार्मर वॉज देअर इन व्हिलेज. डेली ही वॉज गोइंग टू फील्ड. इन फील्ड वन वेल वॉज देअर. शी वॉज व्हेरी डीप. ही हॅड टू बुलक. वन डे ही गेटिंग अप अर्ली, टेकिंग बुलक वेन्ट टू फील्ड. ही टाइड बुलक टू ट्री अँड स्लेप्ट. आफ्टर सम टाइम ही गेट्स अप अँड सीज व्हॉट, वन बुलक इज नॉट देअर! ही वॉज रॅन हिअर अँड देअर. ही डिड नॉट फाउंड. देन फ्रॉम वेल व्हॉइस इज कमिंग. बुलक हॅड फॉलन इन वेल. ही सेड टू पीपल दॅट माय बुलक हॅज फॉलन, यू कम. ऑल पीपल केम, टाइड रोप अँड पुल्ड. बुलक केम आउट. ही वॉज व्हेरी हॅपी."

सतरा वाक्यं. मी लाल पेनने तीसच्या वर गोल काढले. त्यातले एक तृतीयांशाहून जास्त नुसते 'ए' आणि 'द' राहिल्याचे. वही परत देताना मुलाने पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे या मुलाचं इंग्रजीचं हे नववं वर्ष. "नऊ वर्षं शिकून हे?" हा प्रश्न स्टाफरूममध्ये ठरलेला आहे, आणि तो त्या दिवशी मीच विचारला.

गोल काढल्यावर काय झालं

दोन आठवड्यांनी पुन्हा गोष्ट लिहून घेतली. या वेळी त्याचं पान असं होतं: "देअर वॉज अ वुडकटर. ही वॉज पूअर. ही वॉज ऑनेस्ट. ही वेन्ट टू द फॉरेस्ट." अशी आठ-नऊ वाक्यं, शेवटी तात्पर्य. चुका चारच. गुण द्यायचे तर पहिलीपेक्षा दुप्पट द्यावे लागले असते. पण गोष्टीत कोणी धावत नव्हतं, कोणी कोणाला हाक मारत नव्हतं, विहिरीतून आवाज येत नव्हता. जिथे चुकण्याची शक्यता होती तिथे तो गेलाच नव्हता.

याचं शास्त्रीय नाव 'अव्हॉयडन्स', म्हणजे टाळणं, मला माहीत होतं, फक्त स्वतःच्या वर्गात ओळखायला वेळ लागला. भाषाशास्त्रज्ञ जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं की चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत 'हू', 'विच' लावून जोडलेल्या वाक्यांच्या चुका अरबी आणि फारसी विद्यार्थ्यांपेक्षा कमी दिसतात, कारण ते तशी वाक्यं फारशी लिहीतच नाहीत. चुका मोजणाऱ्याला ते हुशार वाटतात. माझा विद्यार्थी दोन आठवड्यांत असाच 'सुधारला' होता.

म्हणून पहिलं पान पुन्हा काढलं आणि मधल्या सुट्टीत त्याला म्हटलं, "हीच गोष्ट मला मराठीत सांग. लिहू नकोस, सांग." आजोबांची गोष्ट म्हटल्यावर तो खुलला. तो बोलत गेला तसं मी टिपून घेतलं:

"ही गोष्ट मला आजोबांनी सांगितली होती. एक शेतकरी होता. रोज शेतात जायचा. शेतात एक विहीर होती, लई खोल. एक दिवस लवकर उठून, बैलं घेऊन शेतात गेला. बैलं झाडाला बांधली नि झोपला. थोड्या वेळानं उठतो, बघतो तर काय, एक बैल गायब! इकडं पळाला, तिकडं पळाला, बैल काय सापडंना. मग विहिरीतनं आवाज येतोय. बैल विहिरीत पडला होता. मग लोकांना म्हणाला, माझा बैल पडलाय, तुम्ही या."

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि माझ्या बऱ्याच लाल गोलांचा अर्थ बदलला.

दोन कागद शेजारी

आधी काळ बघा. इंग्रजी पानावर भूतकाळ आणि वर्तमानकाळ यांची खिचडी झाली आहे असा माझा शेरा होता. पण खिचडी कुठे होते? 'टाइड', 'स्लेप्ट' इथपर्यंत भूतकाळ बरोबर. 'गेट्स अप', 'सीज', 'इज नॉट देअर' इथे एकदम वर्तमानकाळ. पुन्हा 'इज कमिंग'. आणि बैल वर काढायला लागल्यावर 'केम', 'पुल्ड', 'केम आउट', सगळं सुरळीत. म्हणजे काळ तिथेच बदलतो जिथे ऐकणाऱ्याने श्वास रोखायचा आहे. मराठीत गोष्ट सांगणारा प्रत्येक जण हे करतो. 'बघतो तर काय' याला 'बघितलं तर काय' केलं की त्यातली अर्धी वाफ जाते. मुलाने व्याकरणाचा नियम मोडला नव्हता, त्याने कथनाचा नियम पाळला होता, मराठीचा. 'सीज व्हॉट' हे इंग्रजीत काहीच नाही, पण ते का आलं ते कळायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही.

इंग्रजी बोलणारेसुद्धा तोंडी किस्से सांगताना वर्तमानकाळात शिरतात, हेही खरं. परीक्षेच्या कागदावर मात्र ते चालत नाही, आणि शिरल्यावर नीट बाहेर पडावं लागतं.

दुसरा मुद्दा 'हॅड'चा, आणि इथे मला माझाच हात सापडला. 'आजोबांनी सांगितली होती' याचं त्याने 'हॅड टोल्ड' केलं. इंग्रजीत तिथे नुसतं 'टोल्ड' पुरतं. आमच्या वर्गाच्या भिंतीवर काळांचा तक्ता आहे: गेला म्हणजे 'वेन्ट', जात होता म्हणजे 'वॉज गोइंग', गेला होता म्हणजे 'हॅड गॉन'. तक्ता मी लावलेला. मुलांनी तो पाठ करावा म्हणून तोंडी परीक्षाही घेतलेली. खात्री करायला वर्गाला एक वाक्य दिलं: "काल मी सोलापूरला गेलो होतो." जवळजवळ सगळ्यांनी 'हॅड गॉन' लिहिलं, पहिल्या बाकावरच्यांनी तर आधी.

गंमत अशी की 'गेलो होतो' मराठीत फार मोकळेपणाने येतं. जाऊन परत आलो, विषय संपला, आता त्याबद्दल सांगतोय, एवढ्यासाठी आपण 'होतो' लावतो. या लेखाचं पहिलंच वाक्य बघा, मीही 'सांगितली होती' असंच लिहून बसलो आहे. इंग्रजीतल्या 'हॅड'ला मात्र पाय टेकायला भूतकाळातलीच दुसरी, नंतरची घटना लागते. तक्त्यात ही दुसरी घटना कुठेच नाही. तिथे फक्त बरोबरचं चिन्ह आहे.

आणि म्हणूनच 'बुलक हॅड फॉलन इन वेल' हे बरोबर आलं. आवाज आला, त्याच्या आधी बैल पडलेला होता. दोन घटना आहेत, मराठी आणि इंग्रजी इथे एकाच जागी येतात. ज्या समीकरणाने पहिलं वाक्य चुकवलं त्याच समीकरणाने हे वाक्य बरोबर आणलं. मी पहिल्याला गोल काढला, दुसऱ्याला काहीच केलं नाही. मुलाने यातून काय शिकायचं होतं?

'डेली ही वॉज गोइंग' हेही तक्त्याचंच अपत्य. 'जायचा' हे रूप तक्त्यात नव्हतं, तेव्हा सगळ्यात जवळचं 'जात होता' त्याने उचललं. रोजची सवय सांगायला इंग्रजीत 'वेन्ट' किंवा 'यूज्ड टू गो' लागतं.

'गेटिंग अप अर्ली, टेकिंग बुलक' हे 'उठून, घेऊन'. मराठीचं हे 'ऊन' म्हणजे मालगाडीची कडी. एका क्रियापदाच्या मागे कितीही डबे जोडा, इंजिन शेवटी. इंग्रजीत 'आयएनजी' लावून तसं थोडंफार करता येतं, पण 'ही' आधी आणि डबे नंतर अशी गाडी रुळावर राहत नाही.

मग 'दॅट माय बुलक हॅज फॉलन, यू कम'. मराठीत 'म्हणाला' आलं की पुढे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येतात, 'की' लावा नाहीतर लावू नका. 'तो म्हणाला की मी येतो' यात 'मी' कोण, हे आपल्याला संदर्भाने कळतं. इंग्रजीत 'दॅट' घातला की 'माय' चा 'हिज' आणि 'हॅज' चा 'हॅड' करावा लागतो. मुलाने 'दॅट' ला 'की' समजून वापरलं, एवढंच.

आर्टिकलच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त शाई खर्च केली होती, म्हणून तेही नीट पाहिलं. 'वन फार्मर', 'वन वेल': शेतकरी आणि विहीर दोघेही पहिल्यांदा आले तेव्हा 'वन'. दुसऱ्यांदा आले तेव्हा नुसतं 'वेल'. जिथे 'ए' हवा तिथे त्याने 'एक' ठेवला, जिथे 'द' हवा तिथे मोकळी जागा. 'एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' आपण असंच सांगतो. नवं काय आणि आधी आलेलं काय, हे त्याला पक्कं कळत होतं. 'व्हिलेज' आणि 'ट्री' मात्र या हिशेबात बसत नाहीत, आणि मी ते ओढून बसवत नाही.

'टू बुलक' बद्दलही मला मोह झाला होता. मराठीत एक बैल, दोन बैल. एक दगड, दोन दगड. असे पुल्लिंगी शब्द अनेकवचनात तसेच राहतात, म्हणून 's' विसरला, असं म्हणायला छान वाटतं. पण तोंडी सांगताना तो 'बैलं' म्हणाला होता. म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत अनेकवचन वेगळं आहेच. सिद्धांत तिथेच सोडला.

सगळं मराठीच्या माथी नको

या टप्प्यावर मला प्रत्येक चुकीत मराठी दिसायला लागली होती. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या दुसऱ्या बाईंनी भानावर आणलं. त्यांनी आठवीतल्या एका मुलीची वही पुढे ठेवली. घरी तेलुगू, सोलापुरात अशी विणकरांची घरं पुष्कळ आहेत. तिच्या वहीत 'वॉज रॅन' च्याच जातीचं 'वॉज केम' होतं, 'डिड नॉट वेन्ट' होतं. "सर, ही कुठली मराठी?" बाईंनी विचारलं.

'डिड नॉट फाउंड' मध्ये भूतकाळाची खूण दोनदा लागते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ती लहान मुलंसुद्धा अशा दुहेरी खुणा करतात, 'वेन्टेड', 'ब्रोकड' असली रूपं बनवतात. ही भाषा शिकण्याच्या वाटेवरची पायरी आहे, मराठी असो वा तेलुगू. भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये घसरून झालेली चूक आणि शिकणाऱ्याच्या मनातल्या नियमातून आलेली चूक यांत फरक केला. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या मनातल्या व्यवस्थेला 'इंटरलँग्वेज' म्हटलं. दोन गावांच्या मधल्या वस्तीसारखी ती भाषा. तिचे कायदे दोन्ही गावांशी पूर्ण जुळत नाहीत. 'वॉज रॅन' हा त्या वस्तीचा कायदा. त्यावर मराठी समजावून उपयोग नव्हता.

काय केलं

काही फार मोठं नाही. लाल पेन बंद केलं आणि आर्टिकल तर वर्षभरासाठी सोडूनच दिले. 'द' नसला म्हणून बैल विहिरीतून निघायचा राहत नाही. बाईंना हे पटलं नाही, आणि बोर्डाचा पेपर तपासणाऱ्यालाही पटणार नाही, हे मला कबूल आहे. पण एका पानावरचे तीस गोल म्हणजे शून्य गोल, हे मी पाहिलं होतं.

ऑगस्टपासून एकच खेळ. गोष्ट लिहून झाली की प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: "मग काय झालं?" याचं उत्तर हे क्रियापद देतं का? देत असेल तर साधा भूतकाळ, दुसरं काही नाही. उठला, पाहिलं, पळाला, सगळे एका रांगेत. रांग सोडून गोष्ट मागे जात असेल, 'त्याआधीच झालं होतं' असं असेल, तरच 'हॅड', आणि तेव्हा पुढची घटना बोटाने दाखवायची. दाखवता आली नाही तर 'हॅड' खोडायचा. भिंतीवरच्या तक्त्यातली 'गेला होता' ची ओळ मी कागद चिकटवून झाकली.

'दॅट'वर तोडगा आणखी सोपा निघाला: तो खोडायचा आणि अवतरणचिन्हं घालायची. 'ही सेड, "माय बुलक हॅज फॉलन! कम!"' वाक्य बरोबरही झालं आणि शेतकऱ्याचा आवाजही परत आला. अप्रत्यक्ष कथनाचं व्याकरण वेगळं शिकवायचं आहेच, पण गोष्टीत त्याची जबरदस्ती कशाला?

'शी वॉज व्हेरी डीप' वर आमचा छोटा वाद झाला. मी गोल काढून 'इट' लिहिलं. तो म्हणाला, "सर, विहीर ती ना?" मी म्हटलं, इंग्रजीत निर्जीव वस्तू सगळ्या 'इट'. तो बरं म्हणाला आणि 'वेल–इट' असं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. मी पुढे गेलो.

दिवाळीनंतर

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या गोष्टीत रांग सरळ दिसायला लागली, आणि नवीन चुका आल्या. 'ही डिडन्ट वॉन्टेड', 'ही कुड नॉट केम', 'ही ट्राइड टू सॉ'. जिथे तिथे भूतकाळ. साध्या भूतकाळावर महिनोन्‌महिने जोर दिला, तर मूल तो सगळीकडे लावणारच. दुसरं, 'हॅड' पूर्ण गायब. एका गोष्टीत घरमालक परत येतो तेव्हा चोर आधीच पळालेला असतो; तिथे 'हॅड रन अवे' हवंच होतं, त्याने 'रॅन अवे' लिहिलं. वाचताना वाटतं, मालकाच्या डोळ्यांदेखत चोर पळाला. जूनमध्ये अजाणता बरोबर आलेलं रूप डिसेंबरमध्ये शिकवल्यामुळे गेलं होतं. मूळ नोंदवहीत मी या पानापुढे 'घसरण' असं लिहिलं, नंतर खोडलं. घसरण म्हणावी तर तो आता विचार करून लिहीत होता.

फेब्रुवारीतली शेवटची गोष्ट त्याच्या आजीची. आजी बार्शीहून एसटीने येते, उतरते, पिशवी गाडीतच राहते. त्यातला तुकडा:

"माय ग्रँडमदर गॉट डाउन. बस स्टार्टेड. शी लुक्ड इन हर हँड अँड व्हॉट, बॅग वॉज नॉट देअर! शी लेफ्ट बॅग ऑन सीट. शी शाउटेड, 'स्टॉप! स्टॉप!' एसटी डिड नॉट स्टॉप. शी वेन्ट."

सगळी क्रियापदं भूतकाळात, 'डिड नॉट स्टॉप' बरोबर, आरोळी अवतरणात. पिशवी आधीच राहिलेली, तिथे 'हॅड लेफ्ट' नाही, ते राहिलंच. आर्टिकल जूनमध्ये होते तसेच, म्हणजे नाहीत. आणि 'बघतो तर काय' मधला 'काय' आठ महिने टिकून आहे. क्रियापद त्याने माझं ऐकून 'लुक्ड' केलं, पण 'व्हॉट' सोडला नाही. बाईंनी त्याला गोल काढला, मी काढला नसता.

शेवटचं 'शी वेन्ट' वाचून मी आधी समजलो, आजी निघून गेली. त्याला विचारलं.

"नाही सर, एसटी गेली."

"मग 'शी' का?"

"एसटी ती ना, सर."

"आणि विहीर?"

"विहीर 'इट'," तो लगेच म्हणाला, आणि वहीचं मागचं पान उघडून दाखवलं.